"आधी सात दिवस कोंडा, मग मीटिंगला पाठवा" म्हणे!

परवा रात्री वहिनीचा मेसेज, "गुरुवारचं राहू दे गं, आधी घरीच बंद करून बघतो." दादा माझा मामेभाऊ. सकाळी उठल्या उठल्या दारूचा घोट लागतो, नाहीतर पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी अर्धं पाणी शर्टावर. दोन महिने डोकं खाल्ल्यावर कसाबसा एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला एकदा येतो म्हणाला होता, आणि नेमका तेव्हाच फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड पडला, "दारू सोडवणाऱ्या मीटिंगचं सत्य". पाच मुद्दे, शेवटी "जनहितार्थ". तुमच्याकडेही फिरत आला असेल.

चौथा मुद्दा आधी घेते, कारण बाकीच्या चारांमुळे फार तर माणूस मीटिंगला जायचा नाही, याने जीव जाईल. म्हणे मीटिंगला पिणाऱ्याला घेतच नाहीत, म्हणून आधी सात दिवस खोलीत कोंडा, एक थेंब देऊ नका, अंगातलं विष निघून जाईल. अहो विष कसलं निघतंय, फिट येते! वर्षानुवर्षं रोज दारू गेली की मेंदू त्या गुंगीविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो, आणि दारू एकदम काढून घेतली की तो जोर तसाच राहतो, त्याला आवर घालणारं काही उरत नाही. पहिल्या काही तासांत थरथर, घाम, उलट्या. फिट साधारण 6 ते 48 तासांत. आणि काहींना दोन-तीन दिवसांनी डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, ताप चढतो, छाती धडधडते, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. म्हणजे ज्या दिवसांत डॉक्टर हाताशी हवा नेमके तेच दिवस याने कोंडायला सांगितलेत, वर बाहेरून कडी लावून.

सगळ्यांनाच इतकं होतं असं नाही. पण रोज भरपूर पिणारा, सकाळी हात कापणारा, आधी कधी फिट आलेला माणूस असेल तर त्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, आधी डॉक्टर. बेन्झोडायझेपिन गटातलं औषध देऊन ते काही दिवसांत कमी करत आणतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर ॲडमिट करतात. डॉक्टर आणि मीटिंग यातलं एकच निवडा असं कोणीही सांगितलेलं नाही, दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

आणि "पिणाऱ्याला घेत नाहीत" हे तर सपशेल खोटं. एएची सदस्य व्हायची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. थांबवलेलं असायला हवं असं नाही, इच्छा! त्याच दिवशी प्यायलेला असेल तर आज बोलू नका, नुसतं ऐका, एवढं बऱ्याच ठिकाणी सांगतात.

"पैसे उकळतात." फी नाही. डबा फिरतो, वाटलं तर टाका. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

"नाव लिहून घेतात, ऑफिसात कळतं." ॲनॉनिमस म्हणजे निनावी हो, पाटीवरच लिहिलंय. मी स्वतः एका ओपन मीटिंगला जाऊन बसले होते, मला पहिलं नाव सोडून कोणी काही विचारलं नाही. एकजण म्हणाला आज अकरावा दिवस, आणि शेजारच्याने काही न बोलता त्याची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली.

"धर्म बदलतात." हे खोटं, पण देवाचं नाव येतं हे मान्य करावं लागेल. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेलं आहे, त्या ख्रिस्ती वातावरणाचा वास एएच्या बारा पायऱ्यांना, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या बारा टप्प्यांना, येतोच, आणि "ज्याला जसा उमजेल तसा देव" म्हटलं तरी काहींना ते खटकतं. त्यांच्यासाठी नास्तिकांचे एए ग्रुप आहेत, स्मार्ट रिकव्हरी नावाचा देवाचं नाव न घेणारा वेगळा गट आहे. एक मीटिंग नाही आवडली तर दुसरी बघा, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो.

"100 पैकी 95 पुन्हा पितात." कुठून आणला हा आकडा? कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यास, 10,565 माणसं एकत्र तपासली. एएशी नीट जोडून देणाऱ्या ठरीव कार्यक्रमातले 42 टक्के लोक वर्षाने पूर्ण कोरे होते, इतर उपचारांतले 35. चमत्कार नाही, आणि नुसतं एकदा डोकावून येणाऱ्यांचा हा आकडा नाही हेही खरं, पण "काही उपयोग नाही" तर नक्कीच नाही.

मीटिंग शोधायला एएची वेबसाइट किंवा मीटिंग गाईड ॲप बघा, जवळपास काही नसेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात. "क्लोज्ड" लिहिलं असेल तर ती फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी, "ओपन" असेल तर घरचेही चालतात. घरच्यांसाठी वेगळं अल-ॲनॉन आहे, 1951 पासून.

वहिनीशी बोलणं झालंय. खोलीची कडी काढलीये, उद्या सकाळी डॉक्टर, आणि ते हो म्हणाले तर शनिवारची ओपन मीटिंग, मी येतेय सोबत. काका, फॉरवर्ड तुम्हीच टाकला होता, तुम्हीच डिलीट करा.