"ते सगळे मेक्सिकनच" म्हणणाऱ्यांना उत्तर

लॉस एंजेलिस आणि आसपासच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर हातोहात पुढे जातोय. थोडक्यात म्हणणं असं: एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, होंडुरास इथून आलेल्या लोकांची अमेरिकेत वाढलेली मुलं हल्ली स्वतःला 'सेंट्रल अमेरिकन' म्हणवून घेतात, ते कॉलेजात लागलेलं खूळ आहे. हे सगळे मेक्सिकनच. आईबाप पोटासाठी आले, मुलांनी मुकाट शिकून इथलं होऊन जावं, जुनं उकरत बसू नये. त्यातल्या अनेकांना धड स्पॅनिशही येत नाही, मग संस्कृती कसली? त्या देशांनी अमेरिकेला दिल्या त्या फक्त टोळ्या. आणि शेवटी, आपल्या मुलांना बघा, त्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गात दर सत्राला ही मुलं असतात. कुणी वडिलांबरोबर शनिवारी छपरं घालायला जातं, कुणी आईबरोबर रात्री ऑफिसं झाडूनपुसून सकाळी आठच्या तासाला हजर असतं. त्यांच्याबद्दल आपल्याच माणसांनी इतक्या सहज असं काही पुढे पाठवावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, सगळे मेक्सिकनच. तसे ते वाटतात हे खरं, पण का वाटतात? १९८०च्या दशकात एल साल्वाडोर आणि ग्वाटेमाला यादवी युद्धात जळत होते. तिथून पळालेला माणूस मेक्सिको ओलांडून अमेरिकेच्या हद्दीवर पकडला गेला आणि त्याने 'मी साल्वाडोरचा' असं सांगितलं, तर त्याला विमानात घालून थेट युद्धात परत धाडलं जाई. 'मी मेक्सिकन' असं सांगितलं, तर नुसतं हद्दीपलीकडे तिहुआनात सोडत. तिथून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येई. म्हणून वाटेत लोक मेक्सिकोचं राष्ट्रगीत पाठ करत, तिथल्या राज्यांची नावं घोकत, बोलण्याची आपली ढब मुद्दाम लपवत. हद्द ओलांडल्यावरही भीती सरली नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील उत्तर साल्वाडोरमधल्या चालातेनांगोचे. कामावर मात्र ते कित्येक वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्लाचे होते. मुलगी दहावीत जाईपर्यंत तिलाही तेच माहीत होतं.

राजकीय आश्रय मागावा, तर तोही मिळत नव्हता. त्या दशकात साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या शंभर अर्जदारांतले तीनही मंजूर होत नसत. कारण उघड होतं. साल्वाडोरच्या लष्कराला अमेरिकाच पैसा आणि शस्त्रं पुरवत होती. त्या लष्कराच्या भीतीने पळालेल्यांना निर्वासित मानलं असतं, तर आपलंच धोरण चुकलं असं कबूल करावं लागलं असतं. शेवटी चर्चसंस्थांनी खटला भरला आणि १९९१च्या समझोत्यात हे अर्ज नव्याने तपासायचं सरकारला मान्य करावं लागलं. एका अख्ख्या पिढीने जिवावरच्या भीतीने आपला देश लपवला, आणि आता त्यांची मुलं त्या देशाचं नाव मोकळेपणाने घेतायत. त्याला खूळ म्हणायचं?

आणि ही काही मूठभर माणसं नाहीत. २०२१च्या अंदाजानुसार अमेरिकेत साल्वाडोरी मुळाचे सुमारे २५ लाख, ग्वाटेमालाचे १८ लाख आणि होंडुरासचे ११ लाख लोक राहतात. अमेरिकेचा 'हिस्पॅनिक वारसा महिना' १५ सप्टेंबरला सुरू होतो, तोसुद्धा यांच्यामुळे. १५ सप्टेंबर १८२१ हा ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांचा स्वातंत्र्यदिन. मेक्सिकोचा दुसऱ्या दिवशी येतो.

दुसरा मुद्दा, पोटासाठी आले, जुनं उकरू नये. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

साल्वाडोरचं युद्ध १९८० ते १९९२ चाललं. सुमारे ७५,००० माणसं मेली. ग्वाटेमालात १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या, सीआयएच्या मदतीने लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथवलं गेलं. पुढे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं युद्ध चाललं आणि दोन लाखांच्या आसपास लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली सांगितलं की ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी लष्कर व सरकारी दलांची होती.

आकड्यांनी काही कळत नसेल, तर साल्वाडोरमधल्या एल मोसोते या एका गावाचं ऐका. डिसेंबर १९८१ मध्ये साल्वाडोरच्या लष्कराची, अमेरिकेने प्रशिक्षण दिलेली अत्लाकात्ल बटालियन तिथे शिरली. तिने पुरुष, बायका आणि मुलं वेगवेगळी केली आणि मारली. बातमी फुटली तेव्हा वॉशिंग्टनने ती उडवून लावली. १९९२ साली अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक पथकाने चर्चशेजारच्या एका छोट्या इमारतीत खोदकाम केलं, तेव्हा १४३ जणांचे अवशेष निघाले. त्यातले १३१ जण बारा वर्षांखालची मुलं होती. म्हणजे अकरा वर्षं जे वाचले ते सांगत होते आणि त्यांना खोटं ठरवलं जात होतं.

लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कमध्ये साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचा पुतळा आहे. सैनिकांनो, आपल्याच लोकांना मारू नका, असं प्रवचनात सांगितलं म्हणून दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८०ला, प्रार्थना चालवत असताना त्यांना गोळी घातली. २०१८ साली पोपनी त्यांना संतपद दिलं. त्या बागेजवळच वाढलेली मुलं मी पाहिली आहेत, ज्यांना हा पुतळा कुणाचा ते कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात कुणी बोललं नाही, कारण बोलण्याची हिंमत उरली नव्हती. शाळेच्या पुस्तकात धडा नव्हता. मग ती मुलं विचारणार तरी कुणाला? कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या नॉर्थरिज शाखेत २००० साली अमेरिकेतला पहिला 'सेंट्रल अमेरिकन अध्ययन' कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे त्याचा स्वतंत्र विभाग झाला. ज्याला कॉलेजातलं खूळ म्हटलं जातं, ते हेच: आईबापांनी जे सोसलं ते मुलांना पहिल्यांदा वर्गात, नावानिशी, तारखांसकट कळतं.

इथलं होऊन जावं, हे म्हणणं सोपं आहे. १९९८च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासच्या आणि २००१च्या भूकंपांनंतर साल्वाडोरच्या लोकांना हद्दपारीपासून 'तात्पुरतं संरक्षण' मिळालं. ते साधारण दर दीड वर्षाने वाढवून घ्यावं लागे, त्यातून कायम वास्तव्याचा मार्ग आपोआप निघत नसे. २०१८च्या जानेवारीत सरकारने साल्वाडोरच्या सुमारे दोन लाख लोकांचं हे संरक्षण बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा न्यायालयाने ती थोपवली. पण दरवेळी घरात तीच धाकधूक. मुलं इथली नागरिक, आईबाप वीस वर्षांनंतरही तात्पुरते. या घरातल्या मुलाने 'आपण नेमके कुठले' असं विचारलं तर तो चुकला का?

तिसरा मुद्दा, स्पॅनिश येत नाही तर संस्कृती कसली. हा मुद्दा लिहिणाऱ्याला मध्य अमेरिका स्पॅनिशच्या पलीकडे दिसलेलीच नाही. ग्वाटेमालात वीसहून जास्त माया भाषा बोलल्या जातात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये माम बोलणारी मोठी वस्ती आहे, लॉस एंजेलिसमध्ये कांहोबाल आणि किचे बोलणारी कुटुंबं आहेत. इमिग्रेशन कोर्टात स्पॅनिशचा दुभाषा समोर उभा करतात आणि माणूस नुसती मान हलवत राहतो, कारण त्याची भाषा माम असते. अशा घरातल्या मुलीला स्पॅनिश कमी येत असेल, तर तिचं काय हरवलं? तिच्या आजीलाही स्पॅनिश बाजारापुरतीच येत होती.

साल्वाडोरमध्ये तर भाषा जिवावर बेतली. १९३२ साली पश्चिम भागातल्या शेतमजुरांच्या उठावानंतर लष्कराने हजारो माणसं मारली, त्यात मूळनिवासी खेडी वेचून वेचून. त्यानंतर लोकांनी नाहुआत ही आपली भाषा बोलणं आणि आपला पेहराव करणं सोडलं, कारण त्यावरून ओळख पटली की मरण होतं. आज ती भाषा बोलणारे अगदी थोडे म्हातारे उरलेत. लॉस एंजेलिसमधली काही तरुण मुलं इंटरनेटवरून तिचे धडे गिरवतायत, हे मला फार मोलाचं वाटतं.

गारिफुना लोकांचं तर आणखी वेगळं. आफ्रिकी आणि कॅरिब पूर्वजांचे हे वंशज. ब्रिटिशांनी १७९७ साली त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडलं. त्यांची भाषा, संगीत आणि नाच यांची युनेस्कोने २००१ साली दखल घेतली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. १९९० साली तिथल्या हॅपी लँड क्लबच्या आगीत ८७ जण गेले, त्यात होंडुरासचे कितीतरी गारिफुना होते. त्यांच्या मुलांना शाळेत कुणी कृष्णवर्णीय अमेरिकन समजतं, कुणी 'तू लॅटिनो कसा?' विचारतं. त्यांना 'मेक्सिकन' म्हणण्यात तर काहीच अर्थ नाही.

संस्कृती भाषेखेरीज हातातही असते. पुपुसा करताना बघा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ मळायचं, गोळ्याला बोटाने खळगा करून आत चीज, वाटलेले घेवडे किंवा लोरोकोच्या कळ्या भरायच्या, तोंड बंद करून दोन तळव्यांत टाळ्या वाजवल्यासारखं थापायचं आणि तव्यावर टाकायचं. ओलोकुइल्ता गावच्या पुपुसा तर तांदळाच्या पिठाच्या असतात. आपल्या तांदळाच्या भाकरीत सारण भरलं तर जे होईल, तेच. बाजूला आंबवलेल्या कोबीचं कुर्तीदो, आणि खायचं हातानेच. माझा एक विद्यार्थी स्पॅनिशमध्ये चार वाक्यं नीट बोलू शकत नाही, पण सण असला की कुटुंबातल्या पन्नास माणसांसाठी पुपुसा थापायला तोच उभा राहतो. आपल्याकडे मराठी जेमतेम कळणारी मुलं गणपतीत लेझीम खेळतात, ढोल वाजवतात. त्यांना आपण तोतये म्हणत नाही, त्यांची पाठ थोपटतो.

चौथा मुद्दा, टोळ्या. यावर फार शब्द खर्चायची गरज नाही. एमएस-१३ आणि एटीन्थ स्ट्रीट या दोन्ही टोळ्या जन्मल्या लॉस एंजेलिसमध्ये. युद्धातून पळून आलेली मुलं इथल्या दाटीवाटीच्या, गरीब मोहल्ल्यांत आधीपासून असलेल्या टोळ्यांच्या तावडीत सापडली. पुढे १९९०च्या दशकात, विशेषतः १९९६च्या कायद्यानंतर, अमेरिकेने गुन्हा घडलेल्यांना मोठ्या संख्येने हद्दपार केलं, आणि नुकतंच युद्ध संपलेल्या, पोलिसदल नव्याने उभं करणाऱ्या देशांत टोळ्या फोफावल्या. म्हणजे माल इथून तिकडे गेला. २०१४च्या आर्थिक वर्षात ६८,०००हून जास्त मुलं एकटी हद्दीवर आली, त्यातली जवळपास तीन चतुर्थांश याच तीन देशांतली. अनेक जण टोळ्यांपासूनच पळत होती. जे पळाले त्यांनाच टोळीवाले म्हणणं हा उघड अन्याय आहे.

या देशांनी अमेरिकेला दिलं काय, हेही विचारलंय. १९९०च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटीत ऑफिसं झाडणाऱ्या कामगारांनी मोर्चा काढला, पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपलं, तरी ते मागे हटले नाहीत आणि युनियनचा करार मिळवला. त्यात साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या बायकापुरुषांचा मोठा भरणा होता. गावी युनियन केली की माणूस गायब होतो हे पाहिलेली ती माणसं होती.

या मुलांच्या चळवळीत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. 'सेंट्रल अमेरिकन' म्हणताना पुष्कळदा साल्वाडोरच डोळ्यांपुढे असतं. पनामाची, बेलीझची मुलं कोपऱ्यात राहतात, माया आणि गारिफुना मुलांना नाचगाण्यापुरतं बोलावलं जातं. पण ही तक्रार मी ऐकली ती त्याच मुलांच्या तोंडून, भर बैठकीत. ती आपापसात हे भांडण मांडतायत यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आपल्या मुलांना असले प्रश्न पडत नाहीत. पडतात. आपण ऐकत नाही, इतकंच. पण त्यांना उत्तरं लवकर मिळतात, कारण आपण उन्हाळ्यात तिकीट काढून त्यांना पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला आजोळी नेऊ शकतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई कागदपत्रं नसल्याने स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला जाऊ शकली नाही. तिने अमेरिकन पासपोर्ट असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला एकट्याला होंडुरासला पाठवलं. कधी न पाहिलेल्या गावात त्याने कधी न भेटलेल्या मामांबरोबर खांदा दिला. परत आल्यावर तो माझ्याकडे आला आणि होंडुरासच्या इतिहासावर काय काय वाचता येईल याची यादी मागू लागला. मी त्याला ती दिली. तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणाला हवी असेल, तर त्यांनाही देईन.