पासवर्ड माझा, बाकी हरी हरी
माझा मेल किती सेफ आहे विचाराल तर एकदम कडेकोट. पासवर्ड एवढा लांबलचक की टाईप करता करता धाप लागते, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू, कुठकुठल्या फोनवर लॉगिन आहे तेही अधूनमधून बघत असतो. पण हा सगळा बंदोबस्त माझ्या बाजूचा हो! मेल सेंड केला की त्याची कॉपी मामांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडते, आणि मामांचा पासवर्ड त्यांच्या मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे. चिठ्ठी पडू नये म्हणून वरून सेलोटेप. हयगय नाही.

तर मी नोकरी सोडायचा विचार करतोय हे मामांना मेलवर कळवलं, कुणाला सांगू नका असं ठळक अक्षरात लिहून. मामांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, हे मान्य करायलाच पाहिजे. त्यांना फक्त गेट-टुगेदरचं आमंत्रण सगळ्या नातेवाईकांना पाठवायचं होतं, नवीन मेल कुठून सुरू करायचा ते सापडेना, मग समोर उघडा होता तो माझाच मेल फॉरवर्ड केला, वर आमंत्रण आणि खाली माझी अख्खी रडकथा, बॉसला वाहिलेल्या विशेषणांसकट. पत्ते सगळे टू मध्ये. बीसीसी (पत्ते एकमेकांना दिसू नयेत म्हणून असलेला रकाना) म्हटलं की मामा म्हणतात, ती लहानपणीच टोचलीय.

मग रिप्लाय ऑल सुरू. एका मावशीने अभिनंदन केलं (कशाचं ते देव जाणे), एकाने मला या मेलमधून काढा म्हणून सगळ्यांनाच कळवलं, आणि चुलतभावाच्या ऑफिसच्या मेलखाली ती नेहमीची सूचना, हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास डिलीट करावा. सगळं वाचून झाल्यावर, तळाला!

मामांना फोन केला तर म्हणाले, "अरे, परत घेता येतो ना मेल?" येतो की. जीमेलमध्ये त्याला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. मामांचे तेवढे चष्मा शोधण्यात जातात.

एन्क्रिप्शन कर असा सल्ला एका मित्राने दिला. फिल झिमरमन नावाच्या माणसाने १९९१ मध्येच पीजीपी काढलं, मेल असा कुलूपबंद होतो की किल्लीवाल्याशिवाय वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण किल्लीवाले मामाच ना! ते रीतसर कुलूप उघडणार, मेल वाचणार आणि फॉरवर्ड करणार. २०१३ साली याहूच्या झाडून सगळ्या, म्हणजे ३ अब्ज खात्यांचा डेटा चोरीला गेला, हा पूर्ण आकडा सांगायला कंपनीला २०१७ उजाडलं. पण त्या चोरांना निदान घुसावं तरी लागलं.

शेवटी मीच जाऊन बसलो मामांकडे. चिठ्ठी काढायला लावली, नवीन पासवर्ड ठेवायला लावला, तो टाकताना मान फिरवून भिंतीकडे बघत बसलो. टू-स्टेपचा कोड आला तर मामांनी तो खणखणीत आवाजात वाचला, आतून मामींनी लिहून घेऊ का विचारलं. बीसीसीचं मात्र मन लावून शिकले, दोनदा करूनही दाखवलं.

घरी पोचेपर्यंत मामांचा मेल आलेला. "थँक्स. नवीन पासवर्ड खाली देत आहे, मी विसरलो तर तुझ्याकडे असावा. बाकीच्यांना बीसीसीमध्ये घेतलंय."