लागवडीच्या आधीचे काम

लहान उष्णकटिबंधीय बेटांवर स्थानिक वनस्पती परत आणण्याविषयीचा एक लेख वाचला; त्यात रोपलागवडीवर जेवढा भर आहे, तेवढाच तो चरणाऱ्या प्राण्यांवरही हवा होता. मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरून १९७९ मध्ये शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यानंतरच तिथल्या ताडवर्गीय झाडांची रोपे पुन्हा तग धरू लागली. मॉरिशसजवळच्याच इल ओ एग्रेत बेटावर तर नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी सन २००० मध्ये सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवे आणली गेली. ती आबनूस (एबनी) या स्थानिक झाडाची फळे अख्खी गिळतात आणि विष्ठेतून झाडापासून दूर पडलेले बी अधिक चांगले रुजते. पुण्याच्या टेकड्यांवरही परदेशी गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांखाली इथले गवत विरळ होत गेलेले दिसते, म्हणून नव्या लागवडीपूर्वी गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावे, ही कळकळीची विनंती.