गाडी आहे, पण लावलेली आहे

आमच्याकडं गाडी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण ओळखीच्या मराठी मंडळींना त्याबद्दल शंका आहे. बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमला कुणाकडं सत्यनारायण असो की बारसं, आम्ही दोघं आगगाडीनं जातो, स्टेशनवर थंडीत उभे राहतो आणि "कुणी न्यायला येतंय का?" म्हणून फोन करतो. परवा एकीनं मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, "गाडी विकली का गं? सगळं ठीक आहे ना?"

विकली नाही हो. लावलेली आहे. चार्टर स्ट्रीटवर, कोपऱ्यापासून तिसरी, आमच्या खिडकीतून तिचं टप दिसतं इतकी जवळ. अशी जागा मिळाल्यावर गाडी काढून बारशाला जाणारा माणूस बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये राहत नसतो, किंवा कालच राहायला आलेला असतो.

नॉर्थ एंड ही बॉस्टनमधली सर्वांत जुनी राहती वस्ती. 1630च्या दशकापासून इथं माणसं राहतायत आणि गल्ल्याही तेव्हाच्याच आहेत, म्हणजे माणूस, गाय आणि फार तर एखादी ढकलगाडी यांच्या मापाच्या. पुढं आयरिश आले, मग पूर्व युरोपातले ज्यू आले, मग इटालियन आले आणि त्यांनी वस्ती अशी भरून टाकली की 1930च्या सुमारास इथं जवळपास सगळे इटालियनच होते. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली विटांच्या चाळी अजून उभ्या आहेत. लिफ्ट नाही, अंगण नाही आणि गॅरेज कसलं? त्या काळी बोटीतून उतरलेल्या माणसाकडं एक ट्रंक असायची आणि ती तो खाटेखाली लावायचा.

महापालिका इथल्या रहिवाशाला गाडीसाठी परमिट देते. फुकट देते, आणि मागेल त्याला देते. पहिल्या वर्षी काचेला ते स्टिकर लावताना मला घर घेतल्यासारखा आनंद झाला होता. पण परमिट म्हणजे एसटीचा पास. पास आहे म्हणून बसायला जागा मिळेल असं कंडक्टर कधी म्हणाला होता?

त्यामुळं पहिली दोन वर्षं माझी रोजची संध्याकाळ जागा शोधण्यात गेली. हॅनोवर स्ट्रीटवरून आत शिरायचं. तिथं दोन्ही बाजूंना कानोली नावाची इटालियन मिठाई घ्यायला आलेली मंडळी गाड्या दुहेरी लावून, दिवे लुकलुकत ठेवून दुकानात गेलेली. दिवे लुकलुकले की गाडी अदृश्य होते अशी इथली समजूत आहे. मग प्रिन्स, मग सालेम, मग हल, मग पुन्हा प्रिन्स. सगळे रस्ते एकेरी आणि सगळे नको तिकडं वळणारे. मुंगीच्या गतीनं जावं लागतं म्हणून पर्यटक खिडकीवर टकटक करून विचारतात, "पॉल रिव्हिअरचं घर कुठं?" जमिनीत लाल विटांची रेघ ओढलेली आहे, तिच्यावरून चालत राहिलं तर देवळात जायला पत्ता लागू नये तसं थेट दारात पोहोचता. तरी विचारतात.

हा पॉल रिव्हिअर म्हणजे इथला मोठा क्रांतिवीर. 18 एप्रिल 1775च्या रात्री ब्रिटिश फौज निघाल्याची वर्दी देत घोडा फेकत गेला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण एक गोष्ट मला इथं राहिल्यावरच उमगली. तो या वस्तीतून घोड्यावर निघालाच नाही. होडीत बसून पलीकडं चार्ल्सटाउनला गेला आणि तिथं उसना घोडा घेतला. इतिहासकार कारणं काहीही देवोत, मला खरं कारण ठाऊक आहे. नॉर्थ एंडमध्ये एकदा बांधलेला घोडा कुणी सोडतं का? पुढं वाटेत ब्रिटिशांनी त्याला धरलं आणि तो घोडाही काढून घेतला. म्हणजे वाहन उचलून नेण्याची परंपरादेखील तेव्हापासूनची.

त्याच रात्री ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवले होते. फौज जमिनीवरून निघाली तर एक, पाण्यावरून निघाली तर दोन, असा संकेत ठरला होता. आमच्या घरीही तो संकेत काही महिने चालला. मी खाली चकरा मारायची आणि नवरा गच्चीवरून मोबाइलचा दिवा दाखवायचा. एकदा लागला तर हल स्ट्रीट, दोनदा लागला तर चार्टर. एका रात्री त्यानं तीनदा लावला. मी घाईनं सालेमला जाऊन आले. घरी आल्यावर कळलं, जेवण गरम केलंय असं त्याला सांगायचं होतं.

या भटकंतीत मी कुठं कुठं गाडी लावली नाही? हल स्ट्रीटवर एक चिंचोळं घर आहे, जेमतेम दहा फूट रुंद. सांगतात असं, की एक भाऊ लढाईवर गेला असताना दुसऱ्यानं वडिलोपार्जित जागेवर ऐसपैस घर बांधलं. परत आलेल्यानं उरलेल्या फाळक्यावर हे घर बांधून त्याचा उजेड अडवला. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पण मी कराडकडची आहे, भाऊबंदकीत बांधापायी काय काय होतं ते बघत वाढलेली, त्यामुळं माझा विश्वास चटकन बसला. आमची गाडी या घरापुढं लावली तर पुढून बॉनेट आणि मागून डिकी घराबाहेर डोकावते.

बंदराच्या बाजूला, कमर्शिअल स्ट्रीटवर, जागा थोडी लवकर मिळते. तिथं बागेच्या कडेला एक छोटीशी पाटी आहे. 15 जानेवारी 1919ला, ऐन आपल्या संक्रांतीच्या सुमाराला, इथली मळीची अवाढव्य टाकी फुटली. 87 लाख लिटर मळी रस्त्यावर आली. लाट घरांच्या मजल्यांना भिडेल इतकी उंच होती. 21 माणसं गेली आणि घोडे तर मळीत रुतून बसले, त्यांना काढताही येईना. मळीची टाकी फुटणं म्हणजे काय, हे बॉस्टनच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, साखर कारखान्याच्या गावच्या मुलीला नाही. मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. उन्हाळ्यात अजून वास येतो असं इथले जुने लोक शपथेवर सांगतात. मी भर जुलैत काच खाली करून बसले आणि वास घेतला. येत नाही. त्यांना काय येतो ते त्यांचं त्यांना माहीत, पण मळीचा वास मला कुणी शिकवू नये.

आता आजींबद्दल सांगायला हवं. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नव्वदीला टेकल्यात. वडील सिसिलीतल्या शाक्का गावचे, मासेमारीच्या बोटीवर होते. आजींचा जन्म याच गल्लीतला. खिडकीच्या चौकटीवर उशी, उशीवर कोपर आणि नजर रस्त्यावर, असा त्यांचा दिवस जातो. कोण कधी आलं, कुणाची गाडी निघायच्या बेतात आहे, कुणी दुसऱ्याच्या बंपरला घासून पळ काढला, सगळं तिथं नोंदलं जातं.

एकदा मी त्यांच्यापुढं गाडीचं रडगाणं गायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोटानं दक्षिणेकडं दाखवलं. तिकडं आता छान बाग आहे, कारंजी आहेत, पोरं पाण्यात नाचतात. "तिथं पूल होता," आजी म्हणाल्या. "हिरवा, लोखंडी, सहा पदरी. मी तरुण असताना घरं, दुकानं पाडून बांधला. त्यावरून जाणाऱ्यांना शहरात लवकर पोहोचायचं होतं म्हणून आम्हाला पन्नास वर्षं त्याच्याआड ठेवलं. आणि तू मला गाडीचं दुःख सांगतेस, पोरी?" तो पूल 2004मध्ये उतरवला आणि रस्ता जमिनीखाली गेला. मी मनात म्हटलं, रस्त्याबरोबर थोडं पार्किंगही खाली न्यायला काय हरकत होती? पण ते मोठ्यानं म्हणायची ती वेळ नव्हती.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी रात्री अकरा वाजता मला नॉर्थ मार्जिन स्ट्रीटची एक अख्खी बाजू रिकामी दिसली. अख्खी. शहाण्या माणसाला इथं संशय यायला हवा होता. मला देव पावल्यासारखं वाटलं. गाडी लावली, दोन्ही बाजूंना हात-हात जागा सोडून लावली, निव्वळ चैन म्हणून. सकाळी गेले तर गाडीच्या जागी सॉसेज आणि भोपळी मिरची परतायची टपरी उभी राहत होती. सेंट अँथनीची जत्रा! इटलीतल्या मोन्तेफाल्चोने गावाहून आलेल्या लोकांनी 1919मध्ये सुरू केलेली, दर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भरणारी. खांबाखांबावर कागद लावलेले होते. माझ्या गाडीशेजारच्याही खांबावर होता. मी त्यालाच टेकून नवऱ्याला फोन केला होता, "अरे, काय जागा मिळालीय!"

आजींना सांगितलं तर त्या जराही विचलित झाल्या नाहीत. "पादोव्हाच्या अँथनीला सांग. हरवलेली वस्तू तो शोधून देतो. त्याचं कामच ते."

"अहो आजी, त्याच्याच जत्रेसाठी उचललीय!"

आजींनी क्षणभर विचार केला. "मग तर त्याला नक्की ठाऊक असणार कुठं आहे ती."

ठाऊक असावं, कारण दुपारी सापडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दंड आणि उचलल्याची मजुरी भरल्यावर. रविवारी मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली. पुढं बँड, मागं खांद्यावर मूर्ती आणि मूर्तीला लावलेल्या फितींवर टाचलेल्या डॉलरच्या नोटा. थांबत थांबत दिवसभर चालते ती. दारात आली की म्हाताऱ्या बायका पायऱ्या उतरून खाली येतात आणि मूर्तीकडं अशा बघतात, की आमच्याकडं पालखी गल्लीत वळली की आई जशी बघायची. मीही उतरले आणि एक डॉलर टाचला. नवरा मागून पुटपुटला, "आपली वर्गणी शुक्रवारीच गेलीय की."

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या मराठी कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लाल पेनानं "झाडू" लिहिलेलं असतं. मार्च ते डिसेंबर ठरावीक वारी, ठरावीक बाजूला, मध्यरात्रीनंतर रस्ता झाडायचं यंत्र येतं आणि गाडी समोर दिसली की ती जाते. संकष्टी आणि झाडू एकाच दिवशी आले तर सोयीचं पडतं. चंद्रोदयाला जेवायचं आणि तसंच खाली जाऊन गाडी हलवायची.

हिवाळ्यात झाडू नसतो, पण बर्फ असतो. 2015च्या त्या हिवाळ्यात 110 इंच पडला. आम्ही दोघांनी तीन तास फावडी मारून गाडी उकरून काढली, तेव्हा कळलं की ती शेजाऱ्याची. असो. बर्फ उपसून जागा मोकळी केली की वादळाची आणीबाणी उठल्यापासून 48 तास ती तुमची, खुणेला काहीतरी ठेवायचं, असा या शहराचा रिवाज आहे आणि पालिकाही तेवढ्यापुरता तो चालवून घेते. साउथ एंडवाल्यांनी मात्र आपल्याकडं त्याला बंदी घालून घेतलीय. सुसंस्कृत लोक. मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. खिडकीतून एसटीत रुमाल टाकायचा, तोच प्रकार. मी उत्साहानं बादली ठेवली.

आजी खिडकीतून ओरडल्या, "बादली? बादलीला कोण विचारतं!"

खरंच होतं. लोक इस्त्रीचं टेबल ठेवतात, मोडका टीव्ही ठेवतात, एकानं तर कमोड ठेवला होता. आजींनी नवऱ्याला आत बोलावलं आणि एक लाकडी खुर्ची दिली. त्यांच्या यजमानांची. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर उन्हाळ्यात दारात याच खुर्चीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत, हे गल्लीला अजून आठवतं. 48 तास सोडा, पाच दिवस त्या जागेला कुणी हात लावला नाही. एक उंचापुरा माणूस गाडी थांबवून उतरला, खुर्चीकडं पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि निघून गेला.

या जानेवारीत फ्रेमिंगहॅमला हळदीकुंकू होतं. पैठणी, खाली बर्फाचे बूट, हातात तिळगुळाचा डबा, अशी मी स्वतःच्या गाडीला वळसा घालून स्टेशनकडं चालत गेले. आजींनी वरून विचारलं, "गाडी नेत नाहीस ना?" मी म्हटलं, छे हो. त्यांनी समाधानानं खिडकी लावून घेतली.

काल फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. रात्रीपासून झाडू सुरू होणार म्हणून नवरा किल्ली घेऊन खाली गेला. आठ आठवडे हलली नव्हती गाडी. किल्ली फिरवली, तर नुसतं "टक". बॅटरी मेलेली.

मदतीला माणूस बोलावला. त्याला दुसरी गाडी शेजारी उभी करून वायर जोडायची होती. गल्लीत थांबला तर मागं भोंग्यांची रांग लागली, म्हणून बिचारा पुढं गेला आणि प्रिन्स, सालेम, हल करत फिरत राहिला. पाऊण तासानं त्याचा तिसरा फोन आला.

"बाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "तुम्ही तेवढी तुमची गाडी काढता का? म्हणजे मला तिथं लावता येईल."