आशियाला मानवी हक्कांचे न्यायालय का नाही?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की नौकांवर जे खलाशी चढतात, त्यांत नेपाळमधून आलेली कितीतरी मुले असतात. जाळी ओढणे, मासळी निवडणे, बर्फात भरणे आणि उरलेल्या वेळात तिथेच पाठ टेकणे, असा त्यांचा दिवस. घेतलेली उचल फिटेपर्यंत काम सोडणे अवघड आणि लेखी करार बहुधा नसतोच. इकडे आपल्याच खेड, राजापूर, म्हसळ्यातले तरुण आखाती देशांत कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा असतो त्या मालकाच्या, मर्जीवर नोकरी करतात आणि त्यांतल्या अनेकांचा पासपोर्टही मालकाच्या कपाटात असतो. दोघांवरही अन्याय झाला, तर देशाबाहेर दाद कुठे मागायची?

युरोपातल्या बहुतेक देशांतल्या माणसाला आपल्याच सरकारविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या न्यायालयात जाता येते. अमेरिका खंडात आणि आफ्रिकेतही, मर्यादा असल्या तरी, मानवी हक्कांची प्रादेशिक न्यायालये आहेत. संपूर्ण आशियासाठी असे एकही न्यायालय नाही. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेने २००९ मध्ये मानवी हक्क आयोग नेमला, पण त्याला वैयक्तिक तक्रारींवर निवाडा देण्याचा अधिकार नाही. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेनेच द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषदही झालेली नाही. याची किंमत २०१७ मध्ये दिसली. म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात आले, आणि त्यांच्यासाठी २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो दूर आफ्रिकेतला गांबिया. शेजाऱ्यांपैकी कोणीही पुढे झाले नाही, याची मला आशियाई म्हणून लाज वाटते.

आशिया फार विविध आहे, इथल्या परंपरा वेगळ्या आहेत, असे कारण सरकारे पुढे करतात. मला ते मुळीच पटत नाही. १९४८ चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा घडवणाऱ्यांत भारताच्या हंसा मेहता, चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते. हे हक्क आपल्यावर कोणी लादलेले नाहीत. आणि उचलीखाली अडकलेल्या खलाशाला कोणत्या परंपरेचा आधार मिळतो?

दबाव आला की नियम बदलतात, हेही खरे आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र आणण्याची अट काढली. अंमलबजावणीच्या तक्रारी अजून आहेत, तरीही तो बदल मोठा आहे. मासेमारीतील कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००७ चा करार आहे. त्यात लेखी कामाचा करार आणि तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या नौकेवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती यांची तरतूद आहे. थायलंडने तो २०१९ मध्ये मान्य केला. भारताने अद्याप केलेला नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. पण खलाशाला त्याच्या भाषेत लेखी करार देणे आणि उचलीचा हिशेब त्याच्या हाती ठेवणे, एवढे तर कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्था दिल्लीची वाट न पाहता येत्या हंगामापासून करू शकतात.