पुन्हा जुळली नाही तेरीज!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाकींची यादी, पुन्हा जुळलेली नाही. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. फरक 540 रुपये. काल 90 चा होता, परवा एक रुपयाचा. हो, एक! खिशातून काढून वहीत चिकटवू का?

मग सुरू होते शोधमोहीम. फरकाला 9 ने भाग जातो? मग आकडे उलटे पडले असतील, 820 चे 280. नाही सापडलं? फरकाची निम्मी रक्कम शोधा, नावेची नोंद जमेला गेली असेल. अहो, मी बी.कॉम.ला आलोय की गुप्तहेर खात्यात?

आणि कधी 'का' विचारायचं नाही! मालकाने स्वतःचा पैसा धंद्यात घातला, तर ते धंद्याचं देणं. बरं. बँकेत पैसे भरले की माझ्या वहीत बँक नावे, पासबुकात मात्र तेच जमा. का? सरांचं उत्तर, "पाठ करा." अरे, बँकेच्या वहीत आपण तिचे सावकार असतो, एवढं एक वाक्य सांगायला काय जातं? पण नाही! घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. म्हणा सगळे, बे एके बे!

इटालियन गणिती लुका पाचोलीने 1494 मध्ये व्हेनिसला ही द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा लिहायची रीत, छापली. पाचशे वर्षं उलटली, तरी आमचं आपलं "पाठ करा"च.

शेवटी रात्री एकला तेरीज जुळली. मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात रूममेट वहीत डोकावला, "खरेदीचं हे बिल कुठं लिहिलंयस?"

कुठंच नाही. ना नावे, ना जमा. तरी जुळली!