गणपतीच्या रजेत येझदीचा ब्लॉक कसा काढावा

ब्लॉक (ज्यात पिस्टन खाली-वर होतो ते बिडाचं सिलिंडर) नीट जाम व्हायला हवा असेल तर तयारी बरीच आधीपासून करावी लागते. आजोबांची येझदी मोटरसायकल समुद्राच्या अंगाच्या पडवीत लावा. प्लग काढून ठेवा, म्हणजे गाडी कुणी पळवणार नाही आणि खारा वारा थेट सिलिंडरमध्ये उतरेल. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आपल्याकडे कोकणात फुकटच पडतो. त्यात गाडीवर निळी ताडपत्री घट्ट बांधलीत की ओल आतच कोंडते आणि पुढचं सगळं गंज बघून घेतो. प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल घालून अधूनमधून किक फिरवली असती तर यातलं काहीच झालं नसतं, पण एवढी उठाठेव कोण करतो?

पंधराएक वर्षं अशी गेली की गणपतीला मुंबईहून पान्यांची पेटी घेऊन उतरा. घरी पाच दिवसांचा गणपती, त्यात आरत्या, भजनं, उकडीचे मोदक. मधे उरेल त्या वेळात ब्लॉक सुटलाच पाहिजे. वाडीतला एखादा शहाणा म्हणेल, गंज सोडवणारं पातळ तेल रोज थोडं थोडं घाला, आठ-दहा दिवस मुरू द्या, पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीत झिरपायला वेळ लागतो. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पंधरा वर्षं तुम्ही थांबलात, आता आणखी थांबायचं म्हणजे काय? शिवाय खिशात परतीचं कन्फर्म तिकीट आहे. कोकण रेल्वेचं गणपतीतलं कन्फर्म तिकीट पिस्टनसाठी सोडलेला माणूस अजून जन्मायचाय. तेल घालायचीच हौस असेल तर घरचं खोबरेल घाला. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे थंडीत गंजाला आणखी एक सोबती.

आता हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवा आणि बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, डोकवा. ६५ मिलिमीटरचा पिस्टन नारिंगी भुकटीखाली दिसेल. त्याच्या कडेला पांढुरकी पूड आणि तांबडा गंज एकमेकांत असे कालवलेत की पिस्टन कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते नखालाही कळत नाही. पांढरं पिस्टनच्या ॲल्युमिनियमचं, तांबडं ब्लॉकच्या बिडाचं.

एव्हाना खळ्यात माणसं जमलेली असतात. त्यातून एक आवाज येणारच, "घाल रे घण, काय होवचा नाय!" हे म्हणणाऱ्याने जन्मात इंजिन उघडलेलं नसतं, म्हणून त्याचंच ऐका. पिस्टनवर फणसाच्या लाकडाचा ठोकळा ठेवा (ठोकळा ठेवला की काम शास्त्रशुद्ध होतं) आणि हाणा. पिस्टन तसूभर हलणार नाही, पण मार वाया जात नाही. तो गजनपिनमधून (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) कनेक्टिंग रॉडमध्ये, तिथून बेअरिंगमध्ये आणि तिथून क्रँकमध्ये पोचतो. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, तो केसभर सरकला तरी आउट. म्हणजे आलात ब्लॉक काढायला आणि चेंबर (क्रँक ज्यात बसतो ते खालचं घर) फाडायचं कामही पदरात पडलं.

मग शेगडी देण्याची वेळ. ब्लॉकला बाहेरून सगळीकडून सारखी ऊब दिली तर बीड फुगतं आणि पकड ढिली होते, हे भेकडांचं काम. तुम्ही ब्लोलॅम्प सरळ पिस्टनच्या डोक्यावर धरा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पिस्टन ब्लॉकला अशी मिठी मारेल की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

तरीही ब्लॉक जरा उचलला गेलाच, तर खालच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घाला आणि उचका. पॅकिंगची जागा ओरबाडली जाईल. हे टू-स्ट्रोक इंजिन तिथून फुकटची हवा ओढेल, मिश्रण पातळ होईल, इंजिन तापेल आणि पिस्टन पुन्हा धरेल. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम आत्ताच ठरला. ब्लॉक वर येता येता डावी-उजवीकडे पिळायलाही विसरू नका. रिंगांची टोकं पिनेवर बसवलेली असतात, ती फिरून पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकली की रिंग तुटते. चेंबरच्या तोंडात फडकं मुळीच कोंबू नका, नाहीतर तुटलेला तुकडा आत पडणार कसा? मधूनच ब्लॉकच्या एखाद्या फिनवर (बाहेरच्या थंडाव्याच्या पातीवर) हातोडी निसटू द्या. बीड वाकत नाही, टच्‌कन तुटतं. राखाडी, दाणेदार तोंडाचा तो तुकडा पोरं खेळायला नेतील.

येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे तुम्ही फोडलेल्या प्रत्येक ब्लॉकमागे उरलेल्यांचा भाव वाढतो. जुनी गाडी जपून ठेवणाऱ्या अनोळखी माणसांवर हे केवढे उपकार!

विसर्जन झालं की सगळे भाग सिमेंटच्या पिशवीत भरा, चेसिस भिंतीला टेकवा, मोबाइलवर फोटो काढा आणि जाहिरात टाका: 'आजोबांची गाडी, एकहाती, इंजिन फक्त जुळवायचं बाकी.' किंमत चालत्या गाडीची लावा. कुणी घासाघीस केली तर आजोबांची आठवण काढून गळा दाटून आणा.